गंधकाची भुकटी आणि चाळणीवरचा भरवसा

नगर जिल्ह्यात भुरीसाठी द्राक्षबागेवर धुरळतात ती गंधक भुकटी घ्या. पिशवीवर लिहिलेलं असतं ‘३०० मेश’. प्रस्तावात तेवढ्यावरच ‘श्वसनाचा धोका कमी’ असं लिहून मोकळं होणं मला पटत नाही. या चाळणीचं छिद्र साधारण ५० मायक्रॉनचं. त्यातून पडलेला कण ४५ चा की ३ चा, हे चाळणी कुठे सांगते? वायुकोशांपर्यंत पोचतात ते साधारण ४ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून बारीक.

मग लेझर डिफ्रॅक्शन करू, म्हणाल. करा, पण नुसता डी५० देऊ नका. बारीक टोक दाखवा. शिवाय गंधक पाण्यात भिजत नाही, म्हणून सर्फॅक्टंट घालून अल्ट्रासाउंड देतात. त्यात गुठळ्या फुटतात. बागेतल्या हवेत मात्र बऱ्याच तशाच उडतात! म्हणजे मोजलं एक, मजुराच्या नाकात गेलं भलतंच. घनताही धरा: गंधकाची सुमारे २, म्हणून ३ मायक्रॉनचा गोल कण हवेत ४.२ मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबासारखा वागतो.

त्यापेक्षा धुरळणाऱ्याच्या कॉलरला सायक्लोन सॅम्पलर लावा. आणि पंप किती प्रवाहावर चालवला तेही लिहा; कोणता कण आत जाणार हे त्यावरच ठरतं.