अर्धस्मृत गान आणि ध्वनिमुद्रिकेची साक्ष

संगीताच्या अभ्यासकाला एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा वयाने मोठा असतो. तो म्हणतो, "लहानपणी एक गाणे ऐकले होते. शब्द आठवत नाहीत, गाणाऱ्याचे नाव आठवत नाही. चाल मात्र अशी होती." एवढे बोलून तो दीड ओळ गुणगुणतो आणि आपल्या तोंडाकडे पाहत राहतो. अशा प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे करमणुकीचा एक प्रकार, अशी आपली समजूत आहे. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, हा प्रश्न करमणुकीचा नसून पुराव्याच्या मूल्यमापनाचा आहे, आणि म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत येतो.

कोल्हापुरात तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. ज्या नगरीत शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँ गायले, जेथे १८८३ पासून गायन समाज देवल क्लबची परंपरा चालत आली आहे, जेथे १९२९ साली 'प्रभात' चित्रसंस्था स्थापन झाली, आणि जेथे सुधीर फडके यांचा जन्म झाला, त्या नगरीच्या स्मृतीत न जुळलेल्या सुरांचा साठा मोठा असणे साहजिकच आहे. त्यांतील काही सूर मुद्रिकांवर सापडतात, काही सापडत नाहीत. न सापडणाऱ्यांविषयी आपण काय म्हणतो, यावर आपल्या अभ्यासाची प्रामाणिकता अवलंबून आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. त्यात प्रस्तुत लेखकाची चूक असल्यामुळे ते सांगणे अधिकच आवश्यक आहे. आमच्या आत्याबाई असे सांगत की, 'गीतरामायणा'तील सीतेची गाणी त्यांनी रेडिओवर एका बाईंच्या आवाजात ऐकली होती. घरात मुद्रिका होत्या. त्यांवर सर्व गीते फडके यांच्याच आवाजात होती. आम्ही त्यांना मुद्रिका लावून दाखविली आणि "तुमच्या आठवणीत दुसरे काही मिसळले असावे," असे समजुतीच्या सुरात सांगितले. त्या गप्प बसल्या. पुढे अभ्यासाच्या निमित्ताने मूळ प्रक्षेपणाची माहिती पाहिली, तेव्हा आमची दुरुस्तीच चुकीची ठरली. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायणा'चे प्रक्षेपण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची काव्यरचना आणि फडके यांचे संगीत असलेली ही मालिका वर्षभर दर आठवड्यास एक गीत अशी योजिली होती. अधिक मासामुळे ५२ ऐवजी ५६ गीते झाली. या मूळ प्रक्षेपणात निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते, आणि सीतेची गीते माणिक वर्मा यांनी गायली होती. सर्व गीते एका आवाजात आणणाऱ्या मुद्रिका पुढे निघाल्या आणि घरोघर पोहोचल्या. आत्याबाईंनी ऐकले होते तेच खरे होते. आम्ही नंतरच्या कागदाने आधीच्या कागदावर खाडाखोड केली होती.

या प्रसंगावरून एक तत्त्व हाती येते. मुद्रिका ही एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट आवाजात झालेल्या एका गायनाची साक्ष असते. त्या गीताच्या सर्व गायनांची नसते. जे मुद्रित झाले आणि ज्याच्या प्रती खपल्या, ते टिकले. जे एकदाच हवेतून आले, ते श्रोत्यांच्या कानांतच राहिले. म्हणून स्मृती आणि मुद्रिका यांत विरोध दिसला की स्मृती खोटी, असे अनुमान काढणे तर्कदुष्ट आहे. दोन्ही साक्षीदार खरे बोलत असतील, पण दोन निरनिराळ्या प्रसंगांविषयी बोलत असतील, ही शक्यता प्रथम तपासली पाहिजे.

तथापि याच्या उलट टोकाला जाऊन स्मृतीलाच न्यायाधीश करणेही चुकीचे होईल. मुद्रिकेजवळ स्मृतीपेक्षा वेगळ्या जातीचा पुरावा असतो आणि तो वाचण्याची विद्या आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच शिकविली जाते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाण्याच्या शेवटी गायिकेने आपले नाव इंग्रजीत उच्चारले. यात मिरविण्याचा भाग असेलही, पण त्याची गरज व्यावहारिक होती: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळावयास हवे होते. वेष्टनावरचे नाव चुकले तरी आवाजात कोरलेले नाव राहते. तसेच कागदी चकतीच्या भोवतालच्या कोऱ्या कडेत एक क्रमांक कोरलेला असतो. तीच ध्वनिमुद्रा पुढे दुसऱ्या चकतीखाली, दुसऱ्या विक्रीक्रमांकाने बाजारात आली, तरी हा साच्याचा क्रमांक ती ओळखून देतो. शोध घेणाऱ्याने चकतीवर छापलेल्या रागनामावर विसंबण्यापूर्वी हा क्रमांक पाहावा.

मुद्रिकेच्या वेगाकडेही असेच दुर्लक्ष होते. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण पुढे रूढ झाले. जुन्या मुद्रिका त्याहून कमी-अधिक वेगाने मुद्रित होत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर फिरविली, तर स्वर पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. लय वाढते आणि आवाज बारीक होतो. राग मात्र बदलत नाही, कारण षड्जाबरोबर सारेच स्वर चढतात. "चाल तीच आहे, पण आवाज तो नव्हे," असे एखादा म्हातारा श्रोता सांगतो तेव्हा त्याचा कान बरोबर असून आपले यंत्र चुकत असण्याचा संभव पुष्कळ असतो.

चालीचा माग काढण्याचे एक साधन मराठीस आपल्या नाट्यपरंपरेने दिले आहे आणि त्याचा उपयोग आपण फार थोडा करतो. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा आरंभ छापलेला असे. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या, तेव्हा हिंदुस्थानी चिजांचा आणि ठुमऱ्यांचा त्यांचा व्यासंग त्या पदांत उतरला. यामुळे असे घडते की, कोणास आठवणारी धून एकाच वेळी एका मराठी पदाची, एका ठुमरीची आणि कदाचित एका भजनाचीही असते. "ते गाणे कोणते?" या प्रश्नाला अशा वेळी एकवचनी उत्तर संभवतच नाही. टेंबे हे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, अल्लादियाखाँच्या सहवासात वाढलेले. दरबारातील चीज रंगभूमीवर आणि तेथून तबकडीवर कशी जाते, याचा नकाशा त्यांच्या एका आयुष्यात पाहावयास मिळतो. 'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली आला, तेव्हा त्याचे संगीतही त्यांचेच होते आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.

बोलपटाने आणि पुढे दूरचित्रवाणीने हा गुंता अधिक वाढविला. पहिल्या बोलपटांत गाणे चित्रीकरणाबरोबरच मुद्रित होई; बाजारातील तबकडीसाठी ते अनेकदा पुन्हा गाइले जाई आणि तीनसाडेतीन मिनिटांत बसवावे लागे. पडद्यावरचे कडवे तबकडीवर नसणे, वाद्यमेळ निराळा असणे, क्वचित गळाही निराळा असणे, हे त्यामुळे घडते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर जुने मराठी चित्रपट एका नव्या पिढीने घरी बसून पाहिले. त्या पिढीची आठवण पडद्यावरच्या गाण्याची आहे, आणि ती शोधते मात्र तबकडी. शिवाय दूरचित्रवाणीवर खास गाइली गेलेली गीते पुष्कळदा कोणत्याही मुद्रिकेवर आली नाहीत. चित्रफीत महाग असल्यामुळे जुना कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हा वापरण्याचा प्रघात जगभरच्या संस्थांत होता. अशा गीतांच्या बाबतीत श्रोत्याची अर्धी आठवण हा दुय्यम पुरावा नसतो. तो एकमेव पुरावा असू शकतो.

आता सर्वांत कठीण उदाहरणाकडे वळू. अल्लादियाखाँ १९४६ साली निवर्तले. त्यांनी आपल्या गायनाचे ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही. ज्या गायकीने कोल्हापूरचे नाव संगीतात अजरामर केले, तिच्या मूळ पुरुषाचा एक स्वरही यंत्रात नाही. आपण त्यांना ऐकतो ते मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या पुत्रांच्या शिष्यपरंपरेतून, आणि मोगूबाई कुर्डीकर व केसरबाई केरकर या शिष्यांच्या गायनातून. येथे समीक्षकाला एक मोह पडतो: शिष्यांच्या मुद्रिका एकत्र करून "खाँसाहेब असे गात" हे विधान करण्याचा. हा मोह आवरला पाहिजे. शिष्याचा गळा हा गुरूच्या गळ्याची प्रत नसतो.

केसरबाईंच्या एका मुद्रिकेची कथा या संदर्भात फार बोधप्रद आहे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून एक सुवर्णलेपित तबकडी अंतराळात पाठविली. कार्ल सेगन यांच्या मंडळाने तिच्यासाठी २७ रचना निवडल्या. रॉबर्ट ब्राउन या संगीतविद्वानाने केसरबाईंची भैरवी सुचविली होती. पण ती मुद्रिका बाजारातून नाहीशी झाली होती. अखेर मंडळातील ॲन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत्‌-उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबरला झाले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि तसे करण्यात गैर काही नाही. परंतु समीक्षकाने तिचा दुसरा अर्धाही सांगावा. ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. जयपूर-अत्रौली गायकीचे वैभव विलंबित ख्यालाच्या भरदार मांडणीत, जोडरागांच्या आणि अनवट रागांच्या गुंफणीत आहे; भैरवीने तर मैफल संपते. म्हणजे विश्वाच्या प्रवासाला जे गेले, ते मैफलीचे शेवटचे साडेतीन मिनिटांचे पान. त्यात केसरबाईंचा खुला, सलग आकार आणि स्वरावरची घट्ट पकड निःसंशय आहे. ती मुद्रिका थोर आहे. पण तिच्यावरून सबंध घराण्याचे वर्णन करणे म्हणजे भरतवाक्यावरून नाटकाचे परीक्षण लिहिणे होय. ज्या वृद्ध श्रोत्याने केसरबाईंची तीन तासांची बैठक ऐकली आणि ज्याला आज तिच्यातील एका तानेची वाट तेवढी आठवते, त्याच्याजवळ जे आहे ते त्या सुवर्णतबकडीवर नाही.

अलीकडे हे काम यंत्रांनी सोपे केले आहे असे मानले जाते. ऐकलेला तुकडा साठवलेल्या मुद्रणांशी ताडून नाव सांगणारी साधने आज प्रत्येकाच्या खिशात आहेत, आणि १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेसारख्या मंडळींनी अनेक मुद्रिका विस्मृतीतून बाहेर काढल्या आहेत. यांपैकी दुसऱ्या कामाचे ऋण मोठे आहे. पहिल्याची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे: साठ्यात जे मुद्रण नाही ते यंत्राला ओळखता येत नाही, आणि साठ्यातील नाव चुकले असेल तर यंत्र ती चूक निःशंकपणे परत सांगते. आंतरजालावर एकदा चुकीच्या नावाने चढलेली मुद्रिका शंभर ठिकाणी त्याच नावाने उतरते, आणि एका कलावंताचे काम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. कित्येक गायिकांच्या चारदोन तबकड्यांखेरीज मागे काहीच उरलेले नाही. त्यांतील एक तबकडी भलत्याच नावाने फिरू लागणे, ही त्यांच्या बाबतीत किरकोळ चूक म्हणता येणार नाही.

या विवेचनावरून संशोधक विद्यार्थ्यांपुढे काही पथ्ये ठेवावीशी वाटतात. श्रोत्याची आठवण कोणतीही मुद्रिका वाजविण्यापूर्वी, त्याच्याच शब्दांत, टिपून घ्यावी. एकदा मुद्रिका कानावर पडली की जुनी आठवण तिच्याशी जुळवून घेऊ लागते आणि मग तिची निराळी साक्ष उरत नाही. त्याने गुणगुणलेले स्वर, षड्ज ठरवून, जसेच्या तसे लिहावेत. रागाच्या नियमांत बसविण्यासाठी ते सुधारू नयेत. कोठे, कोणाच्या घरी, रेडिओवर की तबकडीवर की पडद्यावर, सकाळी की रात्री, हे विचारावे. पुष्कळदा नाव न सांगणारा माणूस स्थळ अचूक सांगतो. मुद्रिका सापडल्यावर साच्याचा क्रमांक, वेग, आणि शेवटी उच्चारलेले नाव तपासावे. नाटकांची जुनी पुस्तके आणि आकाशवाणीची कार्यक्रमपत्रके चाळावीत. आणि निष्कर्ष मांडताना निश्चित, संभाव्य आणि अनिर्णीत या तीन पायऱ्या स्पष्ट ठेवाव्यात. अनिर्णीत म्हणण्यात अभ्यासकाचा कमीपणा नाही. संभाव्याला निश्चित म्हणण्यात आहे.

अर्धी आठवण केवळ ओळख पटविण्यासाठीच नसते, हेही शेवटी नमूद केले पाहिजे. लहान वयात भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीमखाँची झिंजोटीतील ठुमरी मुद्रिकेवर ऐकली, आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. मुद्रिका त्यांच्यासमोर होती, गाणाऱ्याचे नाव ठाऊक होते. तरीही तबकडीवर जे नव्हते त्याच्या शोधात ते बाहेर पडले. आपल्या जिल्ह्यात आजही असे श्रोते आहेत, ज्यांच्या कानांत कोणत्याही तबकडीवर नसलेले काही स्वर शिल्लक आहेत. त्यांचे वय लक्षात घेता हे काम फार काळ लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. त्यांच्याकडे जाताना मुद्रिका पिशवीत असू द्यावी. पण आधी वही उघडावी.