सलाईन जिंकलं की डोस? बारामतीच्या चाचणीचं एक वाचन

तुम्ही पेटची किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर हाफ-लाइफची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी सांगाल: रक्तातली औषधाची पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ. क्लिअरन्स विचारलं की मात्र बरेचजण अडखळतात. मीही अडखळायचो. आज हे दोन शब्द हातात घेऊन एक गाजलेला शोधनिबंध वाचू, कारण याच निबंधावर मी एकदा सगळ्यांसमोर चुकलो होतो.

आधी हाच निबंध का, ते सांगतो. माझं गाव अल्लीपूर, तालुका हिंगणघाट. कपाशीचा पट्टा. आमच्याकडे पऱ्हाटीवर फवारतात तेही 'औषध' आणि दवाखान्यात सलाईनमधून देतात तेही 'औषध'. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. त्या वेळची सगळी कीटकनाशकं एका गटातली नव्हती, पण मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात होती. ती अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. मग घाम, लाळ, छातीत स्राव आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. अॅट्रोपिन स्राव आवरतं. प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे डॉक्टर मंडळींचं 'पॅम', एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवतं, पण ते बंधन पक्कं होण्याआधी मिळालं तरच.

हे पॅम किती आणि कसं द्यायचं, यावर बारामतीत एक यादृच्छिक चाचणी झाली. पवार आणि सहकाऱ्यांची ही चाचणी २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. मध्यम तीव्रतेची विषबाधा झालेले २०० रुग्ण, शंभर-शंभरचे दोन गट. दोन्ही गटांना सुरुवातीला २ ग्रॅम. पुढचे ४८ तास एका गटाला दर चार तासांनी १ ग्रॅम, तासाभरात सोडलेला. दुसऱ्याला तासाला १ ग्रॅम, अखंड. निकाल डोळ्यांत भरणारे होते. पहिल्या २४ तासांत लागलेल्या अॅट्रोपिनचा मध्यक ३० मिलिग्रॅमवरून ६ वर आला. श्वासनलिकेत नळी घालावी लागली ती ८८ विरुद्ध ६४ जणांना. व्हेंटिलेटरचे दिवस १० वरून ५. मृत्यू ८ विरुद्ध १.

जर्नल क्लबमध्ये मी हा निबंध मांडला आणि ठामपणे म्हणालो, "पॅमचं हाफ-लाइफ निरोगी माणसात साधारण ७५ मिनिटं. दोन डोसच्या मध्ये पातळी कोसळते, म्हणून अखंड सलाईन चांगलं, हे यातून सिद्ध होतं." मागून एका सीनियरनं विचारलं, "दिवसभरात एकूण किती ग्रॅम गेलं रे?" मी गप्प.

तुम्हीही मोजा. दर चार तासांनी १ ग्रॅम म्हणजे दिवसाला ६. तासाला १ ग्रॅम म्हणजे २४. चौपट! शीर्षक सांगतं 'अखंड विरुद्ध अधूनमधून', पण बदलल्या आहेत दोन गोष्टी: देण्याची पद्धत आणि एकूण डोस. लेखकांनी हे लपवलेलं नाही. सारांशाच्या निष्कर्षात ते स्वतः 'हाय-डोस' हाच शब्द वापरतात. घोळ शीर्षकाचा आहे, आणि शीर्षकावरून संदर्भ देणाऱ्या माझ्यासारख्यांचा.

इथे क्लिअरन्स कामाला येतं. दर तासाला शरीर जितक्या लिटर रक्तद्रवातून औषध पूर्ण काढून टाकतं, ते क्लिअरन्स. पॅमच्या बाबतीत हे काम मुख्यतः मूत्रपिंडं करतात. सरासरी स्थिर पातळी म्हणजे देण्याचा दर भागिले क्लिअरन्स, बस. या सूत्रात हाफ-लाइफ कुठेच नाही. दोन्ही गटांचं क्लिअरन्स सारखं धरलं, तर त्याचा आकडा माहीत नसतानाही सांगता येतं की सलाईनवाल्या गटाची सरासरी पातळी चौपट होती.

मग हाफ-लाइफ काय ठरवतं? चढउतार. शरीर म्हणजे एकच टाकी असं साधं प्रारूप धरा आणि सलाईनची स्थिर पातळी १०० माना. ७५ मिनिटांच्या हाफ-लाइफने, सुरुवातीच्या डोसचा परिणाम ओसरल्यावर, दुसऱ्या गटाचा माथा सुमारे ४८ आणि तळ ९ येतो. म्हणजे डोस संपतो त्या क्षणीसुद्धा हा गट सलाईनच्या निम्म्यावर पोचत नाही. माझं 'पातळी कोसळते' अर्धवट होतं. ती कोसळत होती हे खरं, पण मुळात फार वर चढतही नव्हती.

आता हाफ-लाइफ तीन तास घ्या. माथा ३४, तळ १७. चढउतार बराच कमी झाला, सरासरी मात्र २५ च्या २५. हे वहीवर एकदा तरी करून बघा, सूत्र पाठ करण्यापेक्षा जास्त समजतं.

तीन तासांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. विषबाधा झालेल्यांत पॅमचं हाफ-लाइफ निरोगी माणसापेक्षा लांबलेलं आढळलं आहे. असा आकडा दिसला की लगेच 'औषध हळू बाहेर पडतंय' असं लिहू नका. हाफ-लाइफ म्हणजे ०.६९३ गुणिले वितरणाचं आकारमान भागिले क्लिअरन्स. टाकी मोठी झाली तरी ते लांबतं आणि गाळणी मंदावली तरी लांबतं. टाकी मोठी झाली असेल तर पहिला डोस वाढवावा लागेल, पुढचा दर तोच चालेल. गाळणी मंदावली असेल, समजा उलट्या-जुलाबांनी मूत्रपिंडाला रक्त कमी पडतंय, तर तोच दर पातळी वर नेईल. बाहेरून दिसणारं हाफ-लाइफ दोन्हीकडे सारखंच असू शकतं.

सलाईन हाच गुण असता, तर वेल्लोरलाही तो दिसायला हवा होता. तिथल्या १९९६ च्या अभ्यासात १ ग्रॅमचा एकच डोस आणि १२ ग्रॅमचं इन्फ्युजन यांची तुलना झाली, फायदा आढळला नाही. ते १२ ग्रॅम संपूर्ण उपचाराचे. बारामतीत त्याच्या दुप्पट पहिल्याच दिवशी गेले.

पण 'डोस वाढवा' एवढ्यावरही थांबता येत नाही. श्रीलंकेतल्या एडलस्टन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या चाचणीत २३५ रुग्ण होते. २ ग्रॅम आणि मग तासाला अर्धा ग्रॅम, समोर साधं सलाईन. मृत्यू पॅमच्या गटात १२१ पैकी ३०, साध्या सलाईनच्या गटात ११४ पैकी १८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा तर नक्कीच दिसत नाही.

'अर्धा ग्रॅम म्हणजे बारामतीच्या निम्मं' असं म्हणायच्या आधी बाटलीवरचं नाव वाचा. बारामतीत आयोडाइड होतं, श्रीलंकेत क्लोराइड. आयोडिन जड असल्यामुळे १ ग्रॅम आयोडाइडमध्ये खरं प्रॅलिडॉक्सिम साधारण ०.५२ ग्रॅम, तर अर्ध्या ग्रॅम क्लोराइडमध्ये ०.४० ग्रॅम. म्हणजे क्लिअरन्स सारखं धरलं तर पातळीतला फरक दुपटीचा नाही, जेमतेम १.३ पटीचा. एवढ्यावरून दोन निकालांमधली दरी भरत नाही. मग रुग्ण किती लवकर पोचले, कोणतं कीटकनाशक होतं, व्हेंटिलेटर किती हाताशी होते, हे प्रश्न येतात. शिवाय बारामतीत पॅम न मिळालेला गटच नव्हता. त्यामुळे जास्त पॅम कमी पॅमपेक्षा बरं, इतकंच ती चाचणी सांगू शकते.

एका तालुक्याच्या गावात दोनशे विषबाधित रुग्णांची यादृच्छिक चाचणी उभी करणं किती कठीण असेल, याची कल्पना मला प्रयोगशाळेत बारा उंदीर सांभाळताना येते. म्हणून हा निबंध मी अजूनही ज्युनिअर्सना वाचायला देतो. सोबत एक काम देतो: या चाचणीत तिसरा गट घाला, २ ग्रॅमनंतर तासाला पाव ग्रॅम, अखंड. तिन्ही गटांचे आलेख एकाच कागदावर काढा, आणि तिसरा गट पहिल्यासारखा वागला तर कोणतं वाक्य लिहाल, दुसऱ्यासारखा वागला तर कोणतं, ते आलेखाखाली लिहा.