फिर्यादीतली ‘मी’

आत्मकथनांवर आपल्याकडे भरपूर समीक्षा झाली. मात्र प्रथमपुरुषी मराठी गद्याचा एक प्रकार समीक्षेने फारसा हाताळलेला दिसत नाही. तो म्हणजे पोलीस ठाण्यात नोंदवली जाणारी फिर्याद. ‘मी समक्ष हजर राहून फिर्याद देते की’ अशी तिची सुरुवात आणि ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असा तिचा शेवट. मधली भाषा बहुधा ठाणे अंमलदाराची असते. लैंगिक अत्याचाराच्या फिर्यादीतली ही ‘मी’ नक्की कोणाची, हा माझा प्रश्न आहे.

मी रायगडच्या किनाऱ्यावर राहते. इथल्या आगरी-कोळी बोलीतले ‘मना’ कागदावर ‘मला’ होते, एवढ्याने काही बिघडत नाही. पण बाई सांगते ते भीतीविषयी. हात धरला, आवाजच फुटला नाही. कागद म्हणतो, ‘सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.’ भीतीची लज्जा झाली. ‘लज्जा’, ‘विनयभंग’ हे शब्द तिच्या अब्रूबद्दल बोलतात, त्याच्या कृत्याबद्दल नाही. ‘बलात्कार’ या शब्दात तर ‘बल’ आधीच बसलेले. म्हणून ऐकणारा बळाच्या खुणा शोधतो. ओरडलीस का? झटापट झाली का? संमती होती का, हा कायद्यातला मूळ प्रश्न मागे पडतो. शिवाय विचारलेले प्रश्न कागदावर येतच नाहीत. येतात ती उत्तरे, तिने आपणहून सांगितल्यासारखी.

या लेखनाची किंमत काय, ते मथुरा खटल्यात दिसते. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिची फिर्याद त्याच ठाण्यातील हेड कॉन्स्टेबलने लिहून घेतली. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, 1976 मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, असा एक युक्तिवाद होता. दुसरा माझ्या विषयाला अधिक जवळचा आहे: तुकाराम या आरोपीबद्दल तिने न्यायालयात सांगितलेले फिर्यादीशी जुळत नव्हते. दुसऱ्याने लिहिलेल्या ‘मी’शी खऱ्या ‘मी’ची तुलना झाली आणि खरी अविश्वसनीय ठरली. निकाल ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने छापला गेला. लोकांनी मात्र तो तिच्याच नावाने लक्षात ठेवला.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून आंदोलन उभे राहिले. 1983 मध्ये कायदा बदलला: कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे. 2013 पासून अशी फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची आहे. नोंद न करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेतही हे कायम आहे.

म्हणजे लिहिणारा हात बदलला. साचा तसाच राहिला. लज्जेचे ते वाक्य महिला अधिकारीही लिहू शकते, कारण तिलाही तेच शिकवलेले असते. जबाब मोबाइलवर ध्वनिचित्रमुद्रित करता येईल, असे कायदा म्हणतो. ‘करता येईल’च्या जागी ‘करावा’ हवे. फिर्यादीत प्रश्नही लिहावेत, आणि बोलीतला शब्द जसाच्या तसा ठेवावा. उद्या न्यायालयात तिला फिर्यादीतल्या एकेका वाक्याचा जाब विचारला जाणार असेल, तर ती वाक्ये तिचीच असली पाहिजेत.