फ्रायडेचं खरं नाव काय?

डॅनियल डीफोची १७१९ सालची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही धाडसाची कादंबरी म्हणून वाचली जाते. जहाज फुटलं, एकटा माणूस बेटावर अठ्ठावीस वर्षं जगला, वा! पण जहाज निघालं होतं कशाला? ब्राझीलच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला. त्याआधी हा क्रूसो स्वतः गुलामीतून निसटला, तेव्हा झुरी नावाचं पोरगं त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतं. ते पोरगं यानं साठ चांदीच्या नाण्यांना विकलं. पुढं पस्तावला, पण का? मळ्यावर राबायला हात कमी पडले म्हणून!

मग येतो फ्रायडे. क्रूसो त्याला विचारतसुद्धा नाही की बाबा, तुझं नाव काय. शुक्रवारी वाचवला, झाला फ्रायडे. स्वतःला मात्र ‘मालक’ म्हणायला शिकवतो. ही रीत आपल्याला नवी नाही, मित्रहो. शूद्राचं नाव निंदा दाखवणारं असावं, हे मनूनं दुसऱ्याच अध्यायात घालून दिलंय. नाव तेच, पण वरच्या आळीत धोंडोपंत आणि आमच्या वस्तीत धोंड्या. माझ्या खात्यातला मुकादम मला आजही ‘ए’ म्हणूनच हाक मारतो.

चित्रकथांतही तेच. ली फॉकचा जादूगार मँड्रेक १९३४ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आला, पुढं इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडं पोचला. त्याचा सोबती लोथार मुळात आफ्रिकेतला राजपुत्र. पण मालक सुटाबुटात, आणि ह्याच्या अंगावर बिबट्याचं कातडं, तोंडात मोडकी भाषा. १९६५ मध्ये चित्रकार बदलला तेव्हा कुठं लोथारला अंगभर कपडे आणि धड वाक्य मिळालं. एकतीस वर्षं लागली.

तरी डीफोचं एक मी मानतो. क्रूसो फ्रायडेला देव आणि सैतान शिकवत असतो. फ्रायडे विचारतो, देव एवढा ताकदवान, तर सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसो आधी ऐकू न आल्याचं सोंग करतो. फ्रायडे सोडत नाही, पुन्हा विचारतो. शेवटी मालक काहीतरी निमित्त काढून त्याला लांब कामाला पिटाळतो. आपल्याकडचे कीर्तनकारही प्रश्न अडला की असाच टाळ वाजवतात. डीफोनं ही फजिती लपवली नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या कुट्झीनं १९८६ साली ‘फो’ लिहिली. त्यात फ्रायडेला जीभच नाही. विद्वानांना ही कल्पना थोर वाटते. मला पटत नाही. मोडक्यातोडक्या बोलीत का होईना, ज्यानं मालकाला निरुत्तर केलं, त्याची जीभ छाटून वर हळहळायचं? मुक्यावर दया करणं सोपं असतं, साहेब.

मूळ पुस्तकात एक जागा आहे. होडीत हातपाय बांधून टाकलेला म्हातारा क्रूसोला सापडतो. तो फ्रायडेचा बाप! फ्रायडे त्याला मिठी मारतो, रडतो, हसतो, नाचतो. त्या क्षणी बापानं पोराला कोणत्या नावानं हाक मारली, ते डीफो लिहीत नाही. आपल्यापैकी कोणीतरी ते लिहावं.