शिपायाचा पगार

मागच्या दिवाळीत माझ्या कादंबरीचे अखेरचे प्रकरण मी आमच्या टेंभुर्णीत शेजाऱ्यांच्या ओसरीवर वाचून दाखवले. नायक शिपाई, तो रणात पडतो, गावी त्याची आई वाट पाहते. बायकांनी डोळ्यांना पदर लावला तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला धन्य वाटले. तेवढ्यात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले आमचे आजोबा चकली मोडीत म्हणाले, "गुरुजी, गडी मरतोय झकास. पर त्याला पगार किती व्हता?"

सगळे हसले. मीही हसलो. परंतु दोनशे पानांत तो आकडा मी कुठेच दिला नव्हता.

मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराने अमेरिकेतील एका जुन्या ग्रंथावर लिहावे हे धाडसच. पण त्या प्रश्नानेच मला जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्सकडे नेले. 1849 साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा 1864 मध्ये, चौदाव्या वर्षी, वय चोरून यादवी युद्धात भरती झाला. उत्तरेच्या सैन्यात त्याच्या वर्णाचे सुमारे 1,80,000 शिपाई होते. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. काळ्याला दहा, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापून हातात सात! मॅसॅच्युसेट्सच्या 54व्या पलटणीने हा उणा पगार वर्षाहून अधिक काळ नाकारला. त्याच पलटणीने 18 जुलै 1863 रोजी फोर्ट वॅग्नरवर चढाई केली होती. पगार सारखा करणारा कायदा झाला तो जून 1864 मध्ये.

युद्ध संपले तेव्हा विल्यम्सला धड शुद्ध लिहिताही येत नव्हते. (शुद्धलेखनाच्या वह्या तपासून थकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) पुढे तो धर्मोपदेशक झाला, ओहायोच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि 1887-88 च्या सुमारास त्याचा यादवी युद्धातील कृष्णवर्णीय सैन्याचा इतिहास प्रसिद्ध झाला. ग्रंथ दांडगा आहे. सरकारी दप्तर, वर्तमानपत्रे, जुन्या शिपायांच्या आठवणी, सारे त्याने धुंडाळले. जिथे कागद बोलतात तिथे त्याची लेखणी धारदार. फोर्ट पिलोची कत्तल वाचताना हात थरथरतो. परंतु मधूनच त्याच्यातला उपदेशक व्यासपीठावर चढतो आणि वाक्ये फुगू लागतात. माझी खरी तक्रार निराळी आहे. चौदा वर्षांचा तो पोर या इतिहासाच्या मध्यभागी कुठे उभा नाही. पुरावा गोळा करता करता लेखकाने स्वतःला बाजूला सारले. आपली साक्ष पक्षपाती ठरेल, ही भीती त्याला असावी. गोऱ्या सेनापतीला आत्मचरित्र लिहिताना अशी भीती पडत नाही!

आता आपल्या अंगणात येऊ. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण शाळेत सांगतो. त्या विचारांचा वारसा घेतलेला एक शिपाई मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये पलटणीतून निवृत्त झाले, दापोलीस राहिले आणि 1888 च्या सुमारास त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. विल्यम्सचा ग्रंथही त्याच काळातला! दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

वलंगकरांनी इतिहास लिहिला नाही. त्यांनी उच्चवर्णीयांना सव्वीस प्रश्न विचारले. मास्तर म्हणून सांगतो, प्रश्नपत्रिका काढणारा नेहमी वरच्या खुर्चीवर बसतो. गावाबाहेर राहायला लावलेल्या माणसाने ती खुर्ची घेतली, यातच त्या लेखनाचे तेज आहे. पुढे महारांची लष्करभरती सरकारने बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी अर्ज रचला. त्यात आपण मूळचे क्षत्रिय, असा दावा आहे. इथे मी अडखळतो. कोरेगावचा स्तंभ 1818 च्या लढाईची साक्ष देत उभा असताना बंदूक उचलण्यासाठी क्षत्रियत्वाचा दाखला का काढावा लागावा? ज्या वर्णव्यवस्थेला प्रश्न विचारले, तिच्याच वहीतला हा उतारा. पण मी गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. साहेबाला जी भाषा कळते तीच अर्जात येते. वलंगकरांतील प्रश्नकर्ता मला थोर वाटतो. अर्जदाराकडे पाहून मान खाली जाते, आणि ती माझी जाते, त्यांची नव्हे.

वलंगकर 1900 साली वारले. महारांची पलटण उभी राहिली 1917 मध्ये, आणि 1921 मध्ये ती मोडलीही. आजची महार रेजिमेंट 1941 ची. विल्यम्स 1891 मध्ये इंग्लंडात ब्लॅकपूल येथे वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो 1975 मध्ये. ग्रंथात त्याने वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय शिपायांचे स्मारक मागितले होते. तेही तिथे 1998 मध्ये झाले.

यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी वही घेऊन आजोबांकडे गेलो. पहिला पगार किती होता, म्हणून विचारले. त्यांनी चष्मा पुसला, मला बसायला पाट दिला, आणि आधी कपात किती व्हायची ते सांगायला सुरुवात केली.