पिवळे पान आणि खताचे तयार उत्तर

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, दिनदर्शिकांची मागील पाने, खतांच्या पुड्यांबरोबर येणारी पत्रके आणि अलीकडे मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफिती यांतून बागकामाचा सल्ला आपल्यापर्यंत सतत येत असतो. शाळेची बाग सांभाळणारे शिक्षक आणि परिसर अभ्यासाचे प्रकल्प करणारी मुले यांचा तो मोठा आधार असतो. कुंडीतला गुलाब पिवळा पडला तर काय करावे, हे पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. ते या मजकुरात सापडते. म्हणूनच या लेखनाकडे किरकोळ म्हणून न पाहता त्याची नीट चिकित्सा करायला हवी.

प्रथम त्याचे श्रेय त्याला देऊ. ओला कचरा कुजवून खत करावे, कुंडीला निचऱ्याचे छिद्र असावे, खत थोडे थोडे द्यावे, या गोष्टी या लेखनाने घरोघरी पोचवल्या. भाषा सोपी ठेवली, महागड्या वस्तूंचा आग्रह धरला नाही. आक्षेप आहे तो त्याच्या विचारपद्धतीवर. झाडाला काय झाले आहे हे न विचारताच ते काय द्यायचे ते सांगते.

या पद्धतीचे मूळ एका लाडक्या वाक्यात आहे : ‘खत म्हणजे झाडाचे अन्न.’ हे वाक्य वर्गातही सर्रास ऐकू येते. ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटचा प्रयोग अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले, माती मात्र सुमारे २ औंसांनीच कमी भरली. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासूनच बनते, हा त्याचा निष्कर्ष चुकीचा होता, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्याला माहीत नव्हता. परंतु झाडाचे वजन मातीतून येत नाही, हे त्याने दाखवून दिले. वनस्पतीच्या कोरड्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो. हे अन्न पान स्वतः सूर्यप्रकाशात तयार करते. खताचा संबंध उरलेल्या थोड्या भागाशी, म्हणजे हेल्मोंटने दुर्लक्षिलेल्या त्या दोन औंसांशी आहे.

अन्न म्हटले की ‘अशक्त दिसतो, जास्त वाढा’ असे आपोआप सुचते. खनिजांच्या बाबतीत हा न्याय चालत नाही. जे मूलद्रव्य सर्वांत अपुरे आहे तेच वाढीला मर्यादा घालते. बाकीची कितीही ओतली तरी ती मर्यादा हलत नाही. हे तत्त्व श्प्रेंगेल याने १८२८ च्या सुमारास मांडले आणि लीबिगने पुढे प्रसिद्ध केले. तेव्हा ‘किती खत द्यावे’ याआधीचा प्रश्न ‘कमी काय आहे’ हा आहे, आणि तोच बहुतेक लेखांत गायब असतो.

पिवळ्या पानाचेच उदाहरण घेऊ. ‘पान पिवळे पडले की नत्र कमी, युरिया द्या’ हा सर्वांत प्रचलित सल्ला. पण पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत : नत्राची कमतरता, लोहाची कमतरता, मॅग्नेशियमची कमतरता, पाणी साचून गुदमरलेली मुळे, किंवा पानाचे साधे वय. यांतील पहिली तीन ओळखण्याची एक खूण मुलांनाही समजेल अशी आहे. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरू शकतात. त्यांची टंचाई झाली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते. म्हणून पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसतो. नत्र कमी असेल तर सगळे पान फिके होते; मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. त्याची टंचाई शेंड्याकडच्या नव्या पानांवर दिसते : हिरव्या शिरांची जाळी आणि मध्ये पिवळी, कधी जवळजवळ पांढरी पाने.

आपल्याकडे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी काळी जमीन चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू ८ किंवा त्याहून अधिक असतो. अशा मातीत लोह भरपूर असते, पण विरघळलेल्या रूपात फारच थोडे. पावसात पाणी तुंबले की अडचण आणखी वाढते. अशा जमिनीत भुईमूग आणि ऊस पिवळे पडलेले शेतकऱ्यांनी पाहिलेले असतात. शाळेतल्या कुंडीत हीच माती असते आणि वर बोअरवेलचे जड, बायकार्बोनेटयुक्त पाणी पडत असते. तिथल्या जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडली म्हणून युरिया घातला, तर मूळ दुखणे तसेच राहते.

घरगुती उपायांचीही हीच गत आहे. अंड्याची टरफले म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच चुनखडी. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ती बारीक दळून घातल्यास हळूहळू उपयोग होईल. सोलापूरच्या चुनखडीयुक्त मातीत ती घालणे म्हणजे चुनखडीत चुनखडी मिसळणे. त्या सामूला ती फारशी विरघळतही नाहीत. सल्ला तोच, पण एका जिल्ह्यात उपयोगी आणि दुसऱ्यात व्यर्थ. लेखात मात्र मातीचा उल्लेखच नसतो.

दुसरा दोष मात्रेचा. ‘कुंडीला एक चमचा युरिया’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. आठवीचा विद्यार्थी करील असा हिशोब मांडू. हेक्टरी १०० किलो नत्र ही शेतातली बऱ्यापैकी मोठी मात्रा झाली. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून त्यासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागेल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात साधारण २२ लाख किलो माती धरतात. म्हणजे एक किलो मातीला सुमारे ०.१ ग्रॅम आणि पाच किलो मातीच्या कुंडीला अर्धा ग्रॅम युरिया. चहाचा सपाट चमचा भरला तर त्यात सुमारे ४ ग्रॅम युरिया मावतो. शेतात जी मात्रा मोठी, तिच्या आठपट आपण एकाच वेळी कुंडीत ओतली! कुंडीतले नत्र पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून पुनःपुन्हा द्यावे लागते हे खरे; पण त्यासाठी हप्ते करावेत, एकदम घालू नये. मातीतील युरिएज या विकरामुळे युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि अल्कधर्मी मातीत तो मुळांना अधिक घातक ठरतो. पानांच्या कडा करपल्या की मूल समजते, झाडाला आणखी खत हवे आहे.

तिसरा दोष ‘सेंद्रिय चांगले, रासायनिक वाईट’ या सोप्या वाटणीचा. मुळे नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या आयनांच्या रूपात. तो आयन शेणखतातून आला की पोत्यातून, हे मुळाला कळत नाही. कंपोस्टचे मोल वेगळ्या कारणांनी आहे : ते मातीची घडण सुधारते, ओल धरते, सूक्ष्मजीवांना जगवते आणि अन्नद्रव्ये सावकाश सोडते. हे सांगितले तर मुलांना कंपोस्ट का करावे ते समजेल. केवळ ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ असे सांगितले, तर ताजे न कुजलेले शेण कोवळ्या रोपाला का भोवते, याचे उत्तर देता येणार नाही.

मग शिक्षकांनी हे लेखन टाकून द्यावे काय? तशी गरज नाही. त्यातील प्रत्येक सल्ला तपासण्याजोगे विधान म्हणून वर्गात आणावा. याचा उत्तम नमुना १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्रिस याने घालून दिला. पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे द्रावण लावले असता ती हिरवी होतात, हे त्याने दाखवले. हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम ताजा, हिरवट हिराकस विरघळवावा आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालावे. द्रावण पसरावे म्हणून साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकावेत. शेंड्याकडचे एक पिवळे पान निवडून मधल्या शिरेच्या एका बाजूला हे द्रावण संध्याकाळी कुंचल्याने लावावे. दुसऱ्या बाजूला साबणाचे तेवढेच थेंब घातलेले साधे पाणी लावावे. द्रावण याहून तीव्र करू नये, पान जळते. कपड्यांवरही डाग पडतात. आठ-दहा दिवस रोज निरीक्षण नोंदवावे. द्रावण लावलेलाच भाग हिरवा झाला, तर टंचाई लोहाची हे त्या पानानेच सांगितले. काहीच बदल झाला नाही, तर हातमोजे घालून कुंडी उलटी करावी आणि मुळे पाहावीत : ती पांढरी व टणक आहेत की तपकिरी व कुजकी? हा उपचार नव्हे, निदान आहे, हेही मुलांना सांगावे. लोहाची टंचाई निघाली तरी पुढचे काम निचरा सुधारण्याचे, कंपोस्ट मिसळण्याचे आणि पाणी बदलून पाहण्याचेच असते.

या प्रयोगाला खर्च नाममात्र येतो. त्यातून अर्ध्या पानाची तुलना हाती लागते आणि नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे व्याख्या पाठ न करता कळते. बागकामाच्या लेखकांनीही प्रत्येक सल्ल्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : पाने जुनी पिवळी पडली की नवी, माती कुठली, पाणी कुठले? तेवढ्याने लेख चार ओळींनी लांबेल. शाळेच्या बागेतली काही झाडे मात्र वाचतील, आणि औषध देण्याआधी रोग्याला तपासायचे असते, हे मुलांच्या कायम लक्षात राहील.