‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि लक्षांत घेणारे

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीविषयीं लिहितांना टीकाकारांना एक वाक्य हटकून सुचतें : या एका पुस्तकानें महाराष्ट्रांतील विधवेची स्थिति पालटली. वाक्य गोड आहे, आणि आम्हां साहित्यसेवकांच्या अभिमानाला तर तें फारच पोषक आहे. परंतु पुस्तक समाज पालटतें तें कोणत्या वाटेनें, हें न पाहतां केलेली स्तुति हरिभाऊंच्या कलेलाहि न्याय देत नाहीं.

कालक्रम पाहावा. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. विष्णुशास्त्री पंडित यांनीं १८६५ सालीं त्याच्या प्रसारासाठीं मंडळ काढलें. १८७० सालीं पुण्यास या प्रश्नावर मोठा शास्त्रार्थ झाला. कायदा अनुकूल, स्मृतिवचनें हाताशीं, तरी प्रत्यक्ष विवाह अगदींच थोडे ! खुद्द न्यायमूर्ति रानडे १८७३ सालीं वडिलांच्या आग्रहापुढें नमले आणि अकरा वर्षांची कुमारिका त्यांच्या घरीं आली. यावरून त्यांना नांवें ठेवण्याची चाल जुनी आहे. मला एवढेंच दिसतें कीं, घराची सत्ता युक्तिवादाला दाद देत नव्हती.

हरिभाऊ शिरले ते या घरांत. १८९० सालीं निघालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ही कथा क्रमशः येऊं लागली. यमू शास्त्रार्थ करीत नाहीं. माहेरच्या व सासरच्या बारीकसारीक गोष्टी आपल्या साध्या बोलण्यांत सांगत राहते. रघुनाथरावांच्या संगतींत मुंबईस गेलेले तिचे थोडे सुखाचे दिवस वाचून आपण तिच्या संसारांत इतके गुंततों कीं, पुढें शंकरमामंजींच्या घरांतलें तिचें केशवपन ही कोणा परक्यांची रूढि वाटतच नाहीं. शास्त्री जें करूं शकले नाहींत तें कादंबरीकारानें केलें : प्रश्न माजघरांत नेला.

पण डोळे पुसून झाल्यावर वाचकानें काय करावें ? घरांत तशीच एखादी बहीण किंवा भाची असेल तर तिला पाठवावयाचें कोठें ? पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं निघालें होतें. परंतु पुढें धर्मांतराच्या शंकेनें मध्यमवर्गाचा त्यावरील विश्वास उडाला. अनुकंपेला ठिकाण हवें असतें, आणि तें देणें कादंबरीच्या हातीं नव्हतें.

तें दिलें धोंडो केशव कर्वे यांनीं. शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाईंशीं त्यांनीं १८९३ सालीं विवाह केला आणि मुरुडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला. असा मनुष्य १८९६ सालीं अनाथबालिकाश्रम काढतो, आणि त्यांत पुनर्विवाहाचा प्रचार मात्र करूं देत नाहीं ! पुष्कळ सुधारकांना ही माघार वाटली. माझ्या मतें चळवळीला खरें बळ येथेंच आलें. मुलीचें दुसरें लग्न लावण्याची छाती नसलेला बाप तिला शिकावयास पाठवूं शकत होता, आणि असे बापच फार होते. शिकलेली विधवा शिक्षिका झाली, मिळवूं लागली, कीं घरांतील तिचें स्थान कोणत्याहि ठरावावांचून बदलूं लागे. या सावधपणाची किंमतहि होती : विवाहाचा हक्क मागें राहिला. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ (१९१५) आणि पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) हीं पुस्तकें या कादंबरीशेजारीं ठेवून वाचावीं. हरिभाऊंच्या रसाळपणापुढें कर्व्यांची भाषा रुक्ष आहे. परंतु वर्गण्या, हिंगण्याची झोपडी, तेथून कॉलेजापर्यंतची रोजची पायपीट, यांतच समाज कसा हलतो तें दिसतें. पार्वतीबाई तर स्वतः केशवपन झालेल्या. त्याच आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी मागत फिरल्या, आणि कांहीं वर्षांनीं त्यांनीं केस राखले. यमूला जें मिळालें नाहीं तें येथें एका हाडामांसाच्या स्त्रीला मिळालेलें आहे.

आणखी एक गोष्ट आमचे वाङ्मयेतिहासकार विसरतात. केशवपनाला वस्तरा धरणारा हात लागतो. ‘करमणूक’ निघालें त्याच १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईस न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असें तिनें ठरविलें. ज्या जातींत पाट लावण्याची रीत पूर्वापार होती, त्यांना उच्चवर्णीयांच्या घरांतील या क्रौर्याविषयीं काय वाटत होतें, हें या सभेवरून कळतें. हरिभाऊंच्या कादंबरीवर आजवर लेख पुष्कळ झाले. त्या न्हाव्यांचा उल्लेख त्यांपैकीं एकांतहि माझ्या वाचनांत आलेला नाहीं.